दुसऱ्या कडव्याच्या आधी

शिंप्याच्या दुकानात मोबाइलवर ते जुनं गाणं लागलं होतं. पहिलं कडवं संपलं, सतार सुरू झाली आणि मी सवयीनं दाराकडे पाहिलं. कुणीच काही बोललं नाही. सतार थांबली आणि गायिका दुसरं कडवं गाऊ लागली.

माझ्याकडच्या कॅसेटमध्ये त्या जागी आई आहे.

तेव्हा एखादं गाणं हवं असलं की रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि घरातल्या सगळ्यांना दम भरायचा, आता कुणी बोलायचं नाही. पंखासुद्धा बंद. त्या दिवशी आई स्वयंपाकघरातून आली आणि सतार चालू असतानाच म्हणाली, "चहा निवतोय गं."

ती गायिका गेली तेव्हा सगळे हळहळले. मला तितकंसं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? तिचा आवाज कुठेही भेटतो, शिंप्याकडे, रिक्षात, लग्नाच्या हॉलमध्ये, आणि पूर्वीपेक्षा स्वच्छ. आईचा आवाज मात्र जगात एकाच ठिकाणी उरलाय. तीन शब्द. तेही मला तिथे नको होते.

कारण त्यांच्या पाठोपाठ मीच ऐकू येते, चौदा वर्षांची, चिडलेली. "आई, गप्प बस ना!"

कॅसेटची ती बाजू मी कितीदा तरी शेवटपर्यंत ऐकली आहे. पुढे आणखी चार गाणी आहेत. चारही गाण्यांत आई गप्पच आहे.