हरायला उभा केलेला मथळा

माझी भाची ब्लॉगच्या मथळ्यांवर पोट भरते. पोस्ट लिहिणारे वेगळे. ते बिचारे घाम गाळून पानंच्या पानं लिहितात आणि ही त्यांच्या डोक्यावर सात-आठ शब्दांची टोपी चढवते. पगार मात्र हिला जास्त. ऑफिसात तिला ‘ठिणगी’ म्हणतात आणि त्याचा तिला कोण अभिमान!

“मावशी, लोक वाचत नाहीत, दाबतात,” ती मला ऐकवायची. “थोडं सांगायचं, थोडं लपवायचं आणि ‘तुमचं’ हा शब्द घालायचा. स्वतःच्या घराची भीती वाटली की बोट आपोआप जातं.”

“आणि आत काही नसलं तर?”

“ते बघायला मी आत जातेय कशाला?”

त्यांच्या कामाची एक रीत आहे. प्रत्येक पोस्टला दोन मथळे द्यायचे. काही वाचकांना एक दिसतो, काहींना दुसरा. ज्यावर जास्त बोटं पडतात तो यंत्रच निवडतं आणि सगळ्यांना पाठवून देतं. मध्ये कुणी माणूस नाही. भाचीची खोड अशी, की एक मथळा मन लावून लिहायचा आणि दुसरा नुसता हरायला उभा करायचा. भडक, मूर्ख, कुणी हात लावणार नाही असा.

एकदा आमच्या मागच्या गल्लीतल्या चावीवाल्यावर पोस्ट आली. तोंडाळ माणूस. माझं अडकलेलं कपाट उघडून देताना “आजी, यापेक्षा सुतळी बांधा” म्हणाला होता. स्वस्त कुलपं किती सहज उघडतात, घ्यावीत कोणती, एवढंच पोस्टमध्ये होतं. सोबत त्याचा दुकानासमोर हसत उभा असलेला फोटो. भाचीने मथळा दिला, ‘कुलूप घेताना काय पाहाल?’ आणि हरायला दुसरा, ‘तुमचं घर क्षणात उघडणारा हा माणूस तुमच्याच गल्लीत फिरतोय!’

त्याच आठवड्यात आमच्या भागात घरफोड्या झाल्या होत्या. तिला ठाऊक होतं. डोक्यात आलं नाही, एवढंच.

दुपारी आम्ही जेवत होतो. तिने फोनवर पोस्टवर पडलेल्या बोटांचा आकडा पाहिला, खूश झाली. मग कोणता मथळा जिंकला ते पाहिलं आणि भरल्या ताटावरून उठली. ऑफिसला फोन लावून “काढा तो, आधी काढा!” म्हणून ओरडत होती, तेवढ्यात मागच्या गल्लीतून शटरवर लोखंड आपटल्याचा आवाज आला.

आम्ही पोचलो तेव्हा त्याला बाहेर ओढलं होतं. सगळे ओळखीचे. दूधवाला होता. वरच्या मजल्यावरचे गणिताचे मास्तर होते. ते लाथ घालत, चष्मा सावरत आणि पुन्हा लाथ घालत. चावीवाल्याचा कान फाटून लोंबत होता. दोघांनी त्याचा उजवा हात पायरीवर दाबून धरला आणि तिसऱ्याने त्याचीच हातोडी त्यावर घातली. एकदा नाही. बोटं ओळखू येईनात तोवर.

भाची घुसली. “तो चोर नाहीये! मी लिहिलंय ते! आत वाचा!”

“आत कशाला? वर लिहिलंय की!”

“आणि फोटो काय उगाच छापलाय?”

तिने फोन उघडून मोठ्याने वाचायला घेतलं. पहिलं वाक्यही पुरं झालं नाही. कांबीचा फटका कोपरावर बसला, हात उलटा वळला, फोन गटारात. मी पर्स फिरवून एकाचं नाक फोडलं. मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. “ए म्हातारे, हो बाजूला!” म्हणत त्याने मला भिंतीवर आपटलं. हातोडी आता चावीवाल्याच्या डोक्यावर उगारलेली.

“तुमच्या पायाखाली गॅस फुटतोय!” भाची किंचाळली.

गॅस नव्हता, सिलिंडर नव्हता, काही नव्हतं. कुणी वाकून पाहिलंही नाही. गल्ली रिकामी झाली. मास्तर तर अनवाणी पळाले.

जीव वाचला. बोटं कापावी लागली. इस्पितळात त्याची बायको धावत आली तेव्हा भाचीने सरळ सांगितलं, मथळा माझा होता. बायकोने तिच्या मुस्काटात दिली. मग दुसरी. भाची जागची हलली नाही आणि मीही मध्ये पडले नाही.

“ते अजून फिरतंय,” बायको म्हणाली. “माझ्या सख्ख्या भावाने मलाच पाठवलं. विचारतो, भावोजींनी असं का केलं? ह्यांना घरी नेलं की पुन्हा येतील हो ते लोक!”

भाचीने मघाशी माझ्या फोनवरून ऑफिसला कळवलं होतं; तेवढ्यात त्यावरच संपादकाने तिला गाठलं. “ठिणगी, जमावाचं काहीतरी थरारक दे. लोक तुटून पडतील.”

तिने फोन कापला. मोडलेला हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने माझ्या फोनवर लिहिलं, ‘हा चावीवाला चोर नाही. आमचा मथळा खोटा होता. त्याला हात लावू नका.’

बायकोने वाचलं. “सगळं वरच सांगितलंत. मग उघडेल कोण?”

“नकोच उघडू देत कुणी,” भाची म्हणाली आणि ब्लॉगवरून तसंच सगळ्यांना पाठवून दिलं.

बायकोने आपला फोन काढला आणि सगळ्यात आधी भावाला पाठवलं.