तळेऱ्यापासून दर्यापर्यंत

तिन्हीसांजेला मिठबावच्या पुळणीवरून मी घराकडे निघते, तेव्हा पायांखालची वाळू अजून कोमट असते, माडांच्या झावळांतून उरलासुरला तांबूस उजेड झिरपत असतो, आणि वाडीचं पहिलं घर लागलं की एक आवाज माझी सोबत करू लागतो. त्या घराच्या खिडकीतून तो बाहेर येतो, पुढच्या घराच्या पडवीतून पुन्हा भेटतो, त्याच्या पुढच्या घरात तर चुलीवरच्या तिरफळांच्या वासासकटच अंगावर येतो. चालता चालता मी एका घराच्या हद्दीतून दुसऱ्या घराच्या हद्दीत जाते आणि मध्ये एक शब्ददेखील गळत नाही. हा आवाज शुभदाचा. ती आमच्या वाडीची सून. सकाळी काजूच्या बागेत राबते, दुपार कलली की स्कूटर काढून देवगडला जाते आणि तिथल्या केबलवरच्या छोट्याशा वाहिनीवर सात ते आठ मालवणीत बोलते. उद्या वीज कधी जाणार, बंदरावरच्या लिलावात कुठली मासळी चढली, वारा कुठून सुटणार, कुणाकडे बारसं, कुणाकडे मयत, असं सगळं त्या तासात असतं.

आता तुम्हांला एक गंमत सांगते. असे आवाज कुठवर पोचतात आणि कुठे विरतात, हे ठरवण्याच्याच धंद्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली! मुंबईच्या एका कचेरीत आम्ही टीव्हीच्या प्रेक्षकांचे प्रदेश आखत असू. साबण विकणाऱ्याला, चहा विकणाऱ्याला आपली जाहिरात कुठे दाखवायची ते कळायला हवं, म्हणून आम्ही देशाचे तुकडे पाडायचो आणि कुठल्या तुकड्यात किती माणसं टीव्हीसमोर बसतात यावरून त्यांना क्रमांक द्यायचो. भिंतीवरच्या आमच्या नकाशात नद्या नव्हत्या, डोंगर नव्हते, देवळं नव्हती. होते ते फक्त रंग. मुंबईचा रंग सर्वांत गडद, पुण्याचा त्याखालोखाल, आणि मग फिकट होत होत जाणाऱ्या रंगांच्या तळाशी एक करडा पट्टा होता. त्याला आम्ही 'उर्वरित' म्हणत असू. माझं गाव त्या पट्ट्यात होतं.

या मोजणीची रीत तशी साधी आहे. सगळ्या घरांत जाणं कुणाला शक्य आहे? म्हणून काही घरं निवडायची, तिथल्या टीव्हीला एक पेटी जोडायची, घरातल्या प्रत्येकाला एकेक बटण द्यायचं आणि समोर बसल्यावर ते दाबायला सांगायचं. ते एक घर मग आपल्यासारख्या कितीतरी घरांच्या वतीने बोलतं. देवगडच्या बाजारात व्यापारी हापूसची एकच पेटी उघडतो, पेंढा बाजूला सारून दोन आंबे हातात घेतो आणि गाडीभर मालाचा अंदाज बांधतो, तसंच हे. आणि त्याचा अंदाज बहुधा खरा ठरतो. पण त्यासाठी पेटी उघडू तर द्यायला हवी ना!

प्रदेशाची सीमा कुठे असते, हा प्रश्न मात्र मला कचेरीत कधी नीट सुटला नाही. तो सुटला एसटीत. सुट्टीला गावी येताना महामार्गावर तळेऱ्याला गाडी वळण घेते आणि देवगडच्या वाटेला लागते. तोवर शेजारणीशी अगदी पुस्तकी मराठीत बोलत आलेली बाई त्या वळणावर हमखास खिडकीची काच सरकवते, मोकळा श्वास घेते आणि म्हणते, "तू खंय उतारतलंस गो?" सीमेवर ना पाटी, ना चौकी. पण तळेऱ्यापासून दर्यापर्यंत माणसं एका वेगळ्या सुरात बोलतात, एका वेगळ्या सुरात भांडतात, आणि हा प्रदेश कुठल्याही रंगाने रंगवला नाही तरी असतोच. हे मी एकदा माझ्या साहेबांना सांगितलं होतं. त्यांनी फार प्रेमाने चहा मागवला आणि विषय बदलला.

निवृत्त होऊन मी इथे राहायला आले आणि वाटलं, आता मोजणी सुटली. कुठली सुटते! या वर्षी ऐन आंब्याच्या दिवसांत इकबालभाय माझ्या पडवीत येऊन बसले. ही छोटी वाहिनी त्यांची. वडील बंदरावर होड्यांना लागणारं सामान विकत. इकबालभायनी त्या दुकानाच्या माडीवर कॅमेरा मांडला आणि शुभदाला खुर्चीत बसवलं. एरवी मोठ्याने हसणारा हा माणूस त्या दिवशी कोकमाच्या सरबताला हातही न लावता थेट विषयावर आला. शहरातल्या ज्या मोठ्या कंपनीच्या केबलवर त्यांची वाहिनी दिसते, तिने नवे प्रदेश आखायला घेतले होते. "आमचो भाग घाटावरच्या बाजारात घालतले म्हणतत," ते म्हणाले. "हयसर बगणारी माणसा नायत, असा तेंचा म्हणणा. मोजूक कोणतरी येतला. माणसा दिसली तर ठीक, नाय तर शुभदाचो तास बंद. बाय, तुमका ह्यातला कळता. काय करूया?"

मला कळत होतं, म्हणूनच मी त्यांना सांगितलं की काही करू नका. वाडीत कुणाला पढवू नका, कुणाच्या कानावर घालू नका. पढवलेलं उत्तर मोजणाऱ्याला पहिल्या वाक्यातच ओळखू येतं आणि मग खरी उत्तरंही खोटी ठरतात. शिवाय माझ्या मनात धाकधूक नव्हतीच. रोज संध्याकाळी स्वतःच्या कानांनी जे ऐकत होते, ते दुसऱ्या कुणाला ऐकू येणार नाही असं मला कसं वाटावं?

मोजायला आली ती प्राजक्ता, कोल्हापूरची एक चुणचुणीत, हसऱ्या तोंडाची मुलगी. वाडीतली घरं दाखवायला कुणीतरी हवं म्हणून मी तिच्याबरोबर निघाले. तोंड शिवून, अर्थात! पहिलं घर सुलोचना वयनींचं. अंगणात आंब्याच्या पेट्या भरणं चाललं होतं. वयनींनी आम्हांला आत बसवलं, लाडू पुढे केले आणि प्राजक्ताने अदबीने विचारलं, "संध्याकाळी सात वाजता तुम्ही टीव्हीवर काय बघता?" वयनींनी असा चेहरा केला, जसा काही चोरीचा आळच आला आहे. "मी? छे गो बाय! तिनसांजेक टीव्हीसमोर बसाक माका खंय येळ? दिवो लावचो, रांधप करूचा, ढोरांका बगूचा. तो आपलो चालू आसता, घरात जरा आवाज व्हयो म्हणान."

जी गोष्ट जन्मापासून मला ठाऊक होती, ती मी साफ विसरले होते! आमच्याकडे तिन्हीसांज ही बसायची वेळ नव्हे. लक्ष्मी यायच्या वेळेला जी बाई हातपाय पसरून टीव्हीसमोर बसते ती आळशी, आणि आपण आळशी आहोत हे परक्या गावच्या मुलीसमोर कोण कबूल करील? पुढच्या घरी तेच उत्तर. त्याच्या पुढच्या घरी तर सासू आणि सून दोघींनी एकमेकींकडे न बघता एका आवाजात नाही म्हटलं, आणि पुरुषांनी आपण फक्त दिल्लीच्या बातम्या बघतो असं घसा खाकरून सांगितलं. एकही माणूस खोटं बोलत नव्हता, बरं का! समोर बसून बघणारं खरोखरच कुणी नव्हतं. खरं काय ते सांगून टाकावंसं वाटत होतं, पण पाहणाऱ्याच्या तोंडात शब्द घालायचा नाही, हा धंद्याचा पहिला नेम मी मोडणार नव्हते. वाडी संपली तेव्हा प्राजक्ताचाच चेहरा उतरला होता. "ताई, मला वाईट वाटतंय," ती म्हणाली, "पण इथे खरंच कुणी बघत नाही हो."

सात वाजत आले होते. वयनींनी हाक मारून आम्हांला पुन्हा बोलावलं, कारण पाहुणी चहा न घेता वाडीतून गेली असती तर त्यांना झोप लागली नसती. आम्ही त्यांच्या पडवीत बसलो. आतल्या खोलीत टीव्ही लागला होता आणि समोरच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. शेजारच्या घरातही तसंच. उघड्या दारांतून रिकाम्या खोल्यांत बोलणारी शुभदा दिसत होती, आणि प्राजक्ता ते सगळं खिन्नपणे न्याहाळत होती. कोण चुकत होतं? डोळ्यांना दिसत होतं ते खरंच होतं. चहा झाला, लाडू झाले, असं करता करता आठ वाजत आले.

आणि शुभदाच्या तासाचा शेवट आला. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण देवापुढे उभा राहून साऱ्या गावाच्या वतीने मागणं मागतो आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला रुकार द्यायचा असतो. हा मान पुरुषांचा, आणि तोही ठरावीक घराण्यांचा. शुभदाने पहिल्यांदा टीव्हीवर गाऱ्हाणं घातलं तेव्हा काही भुवया चढल्याच होत्या. पण ती मागते ते दर्यावर गेलेल्यांसाठी, तेव्हा तिला अडवणार कोण? त्या संध्याकाळीही तिने हात जोडले. "बा देवा म्हाराजा," शुभदा म्हणाली, "आज जी लेकरा दर्यार आसत, ती हिंदवांची आसांदेत नायतर मुसलमानांची, तेंका सुखान बंदराक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ते स्वयंपाकघरातून आलं. वयनींचा आवाज, फोडणीच्या चुरचुरीवर मात करणारा. त्याच क्षणी तो गोठ्यातून आला, विहिरीवरून आला, अंगणात पेट्यांना खिळे ठोकणाऱ्यांकडून आला, शेजारच्या त्या सासूसुनेकडून आला, वरच्या अंगाच्या कलमांच्या बागेतूनसुद्धा आला. कुणी काम सोडलं नव्हतं, कुणी खोलीत डोकावलंही नव्हतं. शुभदाने पुढचं मागणं मागितलं, पोटासाठी मुंबईला राहिलेल्या पोरांना बरं ठेव म्हणून, आणि साऱ्या वाडीने पुन्हा रुकार दिला. प्राजक्ता उठून उभी राहिली होती. तिने एकदा या घराकडे, एकदा त्या घराकडे पाहिलं, आणि तिला अजूनही कुणी दिसत नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते, आणि माझे तर केव्हाच वाहू लागले होते. इतकी वर्षं मी माणसं मोजली, पण ती अशी एका दमात बोललेली मी कधी ऐकली नव्हती.

आपण प्रेक्षक कुणाला म्हणतो? जो समोर बसतो त्याला, की काम न थांबवता ज्याचं मन तिथे असतं त्याला? माझ्या कचेरीने याचं उत्तर शोधलं नाही, कारण पेटीचं बटण दाबायला माणूस खोलीत असावा लागतो. प्राजक्ताने मात्र ते तिथल्या तिथे शोधलं. तिने आपल्या वरिष्ठांना फोन लावला, बराच वेळ ठासून बोलली, रात्री माझ्याकडे राहिली आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरांत पुन्हा गेली. या खेपेला बघता का, असं तिने कुणालाच विचारलं नाही. काल शुभदा काय काय म्हणाली, एवढंच विचारलं. वयनींनी पेटीत आंबे रचता रचता वीज जाण्याच्या वेळेपासून सुरमईच्या लिलावापर्यंत सगळं घडाघडा सांगितलं आणि वर तक्रारही केली की वाऱ्याचं शुभदाने नीट सांगितलं नाही. सासूसुनांत तर कोण आधी सांगणार यावरून जुंपली. ज्यांनी काही बघितलंच नव्हतं त्यांना सारं पाठ होतं!

काही दिवसांनी इकबालभाय आले ते फाटकापासूनच ओरडत आले. आमचा भाग घाटावर गेला नव्हता. तळेऱ्यापासून दर्यापर्यंत एक स्वतंत्र प्रदेश आखला गेला होता, स्वतःच्या नावाचा, आणि शुभदाचा तास त्यात कायम होता. क्रमांकाच्या उतरंडीत तो सगळ्यांत तळाला होता, हे सांगताना त्यांच्या तोंडावर असा आनंद होता की विचारू नका. "शेवटचो तर शेवटचो," ते म्हणाले, "नंबर गावलो मां!" मी हसले, आणि मला भिंतीवरचा तो करडा पट्टा आठवला. त्यातून एवढासा एक तुकडा आता वेगळा झाला होता. त्याचा रंग कुठला असेल याची मला उगाचच उत्सुकता लागून राहिली.

त्या संध्याकाळी मी वयनींकडे पेट्यांना हात लावायला गेले होते. आता लपवायचं कारण नव्हतं, तेव्हा शुभदाचा तास जवळजवळ बंदच होणार होता, हे मी त्यांना सांगून टाकलं. सात वाजता टीव्हीवर शुभदा आली, विजेचं सांगितलं, लिलावाचं सांगितलं, आणि त्याच रोजच्या आवाजात म्हणाली, "आणि उद्यापास्नाय मी सात वाजता हयसरच आसंय." एवढं बोलून ती वाऱ्याकडे वळली. स्वयंपाकघरातला विळीचा आवाज थांबला. वयनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. देवाजवळ दिवा लागलेला होता, दार सताड उघडं होतं, वाटेवरून माणसं येत-जात होती. त्यांनी टीव्हीसमोरची खुर्ची ओढली, सगळ्यांच्या देखत तिच्यावर ऐसपैस बसल्या आणि शेजारच्या खुर्चीवर थाप मारून मला म्हणाल्या, "ये गो, बस हयसर."