रबराच्या कातड्यातली मारामारी

तोक्योबाहेरच्या एका सिनेमा-स्टुडिओत इसामु कुरोइवा रबराचा पोशाख चढवून राक्षस व्हायचा. सुमोच्या आखाड्यात गुडघा निकामी झाल्यावर त्याला दुसरं काय जमणार? ओनोदेरा नावाच्या ज्या थोरल्या पैलवानाने त्याला त्या आखाड्यात रोज बांबूने फोडून काढलं होतं, तोही पुढे याच स्टुडिओत आला. त्या उन्हाळ्यात दोघं समोरासमोर होते. इसामु समुद्रातून वर आलेला सरडा, ओनोदेरा शिंगवाला भुंगा, आणि मध्ये कमरेएवढं प्लास्टरचं शहर.

पाठीची चेन लावून घेताना ओनोदेरा हसला. "काय रे, अजून लंगडतोस? सरडा झालास तरी मार खाणाराच दिसतोस."

इसामुने सरड्याचं डोकं चढवलं.

"खरं मारा," दिग्दर्शक हिगाशिदे ओरडले. "कॅमेरा वेगात फिरतोय, पडद्यावर सगळं संथ होणार. हळू माराल तर गाई चरताना दिसतील."

पहिलाच फटका ओनोदेराने नेमका दुखऱ्या गुडघ्यावर घातला. इसामु एका इमारतीवर कोसळला, प्लास्टरचा चुरा उडाला. तो उठला तेव्हा त्याच्या डोक्यात सिनेमा उरला नव्हता. त्याने भुंग्याचं शिंग धरलं, डोकं पुलावर आपटलं आणि शिंगाखाली, जिथे आत माणसाचं तोंड असतं, तिथे ठोसे घालत सुटला. आत काहीतरी मोडल्याचं त्याला हाताला कळलं. तरी तो थांबला नाही. कॅमेराही थांबला नाही.

तेवढ्यात ठरल्याप्रमाणे तेलाच्या टाक्या उडाल्या. ठिणग्या भुंग्याच्या पंखांवर पडल्या आणि रबर पेटलं. सेटवरच्या लोकांना तो खेळाचाच भाग वाटला. आतली किंकाळी फक्त इसामुला ऐकू आली.

"चेन उघड! इसामु, चेन!"

क्षणभर तो नुसता बघत राहिला. जळू दे, असं त्याच्या मनात आलंच. मग तो पुढे झाला. रबरी नख्यांत चेन धरवेना, म्हणून त्याने पाठीच्या शिवणीत दोन्ही पंजे खुपसले आणि कातडं उभं फाडलं. वितळलेलं रबर तळहातांना चिकटलं. ओनोदेराला ओढत नेऊन त्याने समुद्र म्हणून भरलेल्या पाण्याच्या हौदात ढकललं.

ओनोदेराचं नाक मोडलं होतं, पाठ भाजली होती. त्याने एक दात थुंकला. "तू खरंच मारत होतास."

"हो," इसामु म्हणाला.

सिनेमा लागला तेव्हा हातांना पट्ट्या बांधून इसामु मागच्या रांगेत बसला. नाक मोडलं त्या ठिकाणी पोरं खुर्च्यांवर उभी राहून टाळ्या पिटत होती. त्यालाही आतून गुदगुल्या झाल्या, आणि आपल्याला हे आवडतंय हे कळल्यावर तो घाबरला. शेवट न बघताच उठून गेला.

हिवाळ्यात ओनोदेरा वाकडं नाक घेऊन कामावर परतला. समोर कोण हवं, असं हिगाशिदेंनी विचारलं.

"कुरोइवाच द्या," तो म्हणाला. "आग लागली तर मला कसं बाहेर काढायचं ते त्याला माहीत आहे."

पुढे कितीतरी वर्षं दोघं एकमेकांना तुडवत राहिले. चहाला मात्र कधी एकत्र बसले नाहीत.