नव्या खेळात दादा आला नाही

कुसुमवहिनी गेल्या, त्याला आता पाच आठवडे झाले. फोन आला तेव्हा मी नेऱ्याला माझ्या घरी मटकीला मोड आलेत का, ते फडकं सोडून बघत होते. फोन रेवतीचा. रेवती म्हणजे वहिनींच्या नांदे गावातल्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी मुलगी, हिंजवडीला कामाला जाते. "आत्या, काकू उठत नाहीयेत हो," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. वहिनी झोपेतच गेल्या होत्या. माझ्या सख्ख्या थोरल्या भावाची बायको, चाळीस वर्षांचा आमचा सहवास. पण खरं सांगते, त्या क्षणी मला पहिल्यांदा दुःख झालं नाही. पहिल्यांदा हायसं वाटलं. एक गोष्ट मला त्यांच्यापाशी कबूल करायची होती आणि दहा महिने मी ती आज नको, पुढच्या रविवारी, असं करत ढकलत होते. आता ती सांगावी लागणार नव्हती. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली, की मटकी तशीच ओट्यावर टाकून मी खाली बसले. ती लाज काही उतरत नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

मी जन्मभर शाळेत शिकवलं. माझ्या नाकावर राग, हे सगळा तालुका सांगेल. वहिनी उलट. बोलायला फटकळ, पण मनात काही धरून ठेवणार नाहीत. दादाची जमीन इमारतीवाल्यांना गेली तेव्हा गावात सगळ्यांनी मोठाल्या गाड्या घेतल्या. ह्या बाईनं अंगणात दोन जांभळं लावली आणि वर चार खोल्या काढून भाड्यानं दिल्या. मूल झालं नाही. त्यावरून कुणी हळहळायला लागलं, की म्हणायच्या, "न्हाई तर न्हाई. तुमचं कोण मोठं परदान झालंय?" दादा शांतपणे सुपारी कातरत बसलेला असायचा, तो गालातल्या गालात हसायचा.

रेवती राहायला आली आणि तिनं आपला जुना लॅपटॉप वहिनींना देऊन टाकला. त्यात तो खेळ होता. मला खेळ म्हटलं की हारजीत आठवते, ह्यात तसलं काहीच नाही. पडद्यावर घर बांधायचं, त्यात माणसं ठेवायची. ती माणसं सैपाक करतात, भांडतात, कामाला जातात, म्हातारी होतात, मरतात. बास. मी म्हटलं, "वहिनी, ह्या वयात बाहुल्या खेळता?" तर म्हणाल्या, "वन्सं, ल्हानपनी कुटं मिळाल्या हुत्या?" त्यांनी त्यात आपलंच घर बांधलं. बाहेरून जिना, मागं मोरी, अंगणात दोन झाडं, आणि घरात दोनच माणसं, त्या आणि दादा. रेवती म्हणाली, काकू, इथे हवं तर बाळ होतं, एक बटण आहे. वहिनींनी मान हलवली. "जसं हाय तसं ठिवायचं. खोटं कशापायी?" दादा मागे उभा राहून बघायचा आणि तक्रार करायचा, की ह्यातला मी फारच काळा दिसतो.

मग दादा गेला. दवाखान्यात तीन दिवस, चौथ्या दिवशी घरी आणला तो आडवाच. महिनाभर वहिनींनी लॅपटॉपला हात लावला नाही. लावला तेव्हा बघतात तर खेळात दादा जिवंत! ओसरीवर बसून पेपर वाचतोय. मला वाटलं, बरं झालं, बाईला तेवढाच आधार. पण छे! त्या म्हणाल्या, "वन्सं, हे खोटं हाय. मला बगवंना." आणि खेळातले दिवस भराभरा पुढे पळवून त्यांनी त्याला म्हातारा केला आणि जाऊ दिला. मी भांडले त्यांच्याशी. माझ्या भावाला दुसऱ्यांदा मारलंत, असंसुद्धा बोलून गेले... जीभ आहे ती, सुटली की सुटली.

त्या खेळाची रीत अशी, की माणूस मेला की अंगणात त्याच्या नावाचा लहानसा दगड उरतो. आणि खेळातला दिवस मावळला की त्या दगडाजवळून तो माणूस उठतो. पाण्यातल्या सावलीसारखा, आरपार दिसणारा. कुणाला त्रास देत नाही. घरातून एक फेरी मारतो, जिवंतपणी जे करायचा ते थोडं करतो आणि जातो. दादा मोरीतला नळ सोडून जायचा. अगदी खऱ्यासारखं! आमच्या दादानं जन्मात कधी नळ बंद केला नाही. "बगा, गेले तरी सुदरलं न्हाईत," असं म्हणून वहिनी पडद्यावरच्या वहिनीला उठवून नळ बंद करायला लावायच्या. रोज. मी रविवारी नांद्याला जायचे, दुपारी जेवून आम्ही दोघी बसायचो, आणि ती सावली घरातून फिरायला लागली की माझ्या अंगावर काटा यायचा. मला तो तिथे नको होता. मेल्या माणसानं जावं, असं माझं मत. वहिनींना मात्र तेवढं दिसलं, की दिवस बरा जायचा. हे मला कळत होतं, आणि तरी आवडत नव्हतं.

पुढे त्या खेळाचा दुसरा भाग येणार, असा गवगवा झाला. महाराष्ट्रातल्या हौशी लोकांचा फोनवर एक ग्रुप होता, रेवतीनं वहिनींना त्यात घातलं होतं. वहिनींना टाइप करायचा कंटाळा, म्हणून त्या बोलून निरोप पाठवायच्या आणि शहरातली सगळी पोरं त्यांना काकू-काकू करायची. नवा भाग कसा असेल, ह्यावर महिनोन् महिने चर्चा. शेवटी मीच रेवतीकरवी तो विकत घेऊन दिला, वहिनींच्या साठीला. जुन्यातलं कुटुंब नव्यात नेता येतं, असं कळलं होतं. वहिनींनी ते घर हलवणंच मानलं. आमच्यात घर बदलताना आधी देवघरातले टाक उचलतात. देवांचे चांदीचे पत्रे आणि त्यांच्यातच पूर्वजांचे. ताम्हनात ठेवून, वर वस्त्र घालून, घरातल्या बाईनं ते न बोलता नव्या घरात न्यायचे. पितरांना मागे ठेवून कुणी घर हलवत नाही. तसा वहिनींनी खेळातला दादाचा दगड अंगणातून उचलून घरात घेतला. लॅपटॉपला हळद-कुंकू लावलं. मला हसू आलं. मग "तुमी बसा हितं, म्या शिरा करते," म्हणून त्या आत गेल्या.

पडद्यावर एक निळी रेघ सरकत होती. ती पूर्ण झाली आणि चौकट आली. कुटुंब नव्या जागी आलं आहे, जागा कमी आहे, जुना खेळ त्यातल्या घरासकट काढून टाकायचा का? मी शाळामास्तरीण, इंग्रजी वाचता येतं, मला विचारायची काय गरज? आमची आई म्हणायची, नव्या घरात देव बसले, की जुन्या घरात दिवा ठेवू नये. दोन्हीकडे दिवा दिसला की देव घोटाळतात, कुठेच नीट बसत नाहीत. ते माझ्या डोक्यात आलं. आणि दुसरंही आलं, ते लपवत नाही. जुनं गेलं तर बरंच, असंही आलं. मी "हो" दाबलं. आतून तुपात रवा भाजल्याचा वास येत होता.

नवा खेळ दिसायला झकास होता. केस वाऱ्यावर उडत होते, भांडी चकाकत होती. वहिनी शिरा खाता-खाता "लई भारी, लई भारी" करत होत्या. मग खेळातला दिवस मावळला. अंगणात कुणी आलं नाही. "नवी जागा हाय, वाट चुकलं आसतील," वहिनी हसून म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. त्या आठवड्यात ग्रुपवर बोंबाबोंब झाली. नव्या भागात शेजारी आपणहून घरी येत नाहीत, पोरं रांगत नाहीत, विहीर नाही, आणि मेलेल्या माणसांचे दगड तर मुळीच नाहीत. माणूस मेला की एक चिठ्ठी येते आणि संपलं! पोरं कंपनीला नाही-नाही ते बोलत होती. कंपनी म्हणे, हळूहळू सगळं आणू. हे काय दूध आहे का, आज पातळ घाला, उद्या दाट? बऱ्याच जणांनी नवा खेळ बंद केला आणि मुकाट्यानं जुना उघडला.

पुढच्या रविवारी मी गेले, तेव्हा वहिनी लॅपटॉप मांडीवर घेऊन ओसरीत बसल्या होत्या. "वन्सं, आपला जुना कुटं गेला वो? घावंना झालाय."

एका वाक्याचं काम होतं. वहिनी, माझ्याकडून पुसला गेला. त्या चिडल्या असत्या, रडल्या असत्या, संध्याकाळी विसरल्या असत्या. पण मी म्हणाले, "नव्यानं खाल्ला असणार. कंपन्यांचं काय, त्यांना तुमचं जुनं नकोच असतं." वर दोन शिव्याही घातल्या कंपनीला. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग "आसंल," म्हणाल्या आणि मला सैपाकघरात चहा टाकायला पाठवून स्वतः अंगणात गेल्या.

त्यानंतर दहा महिने त्या नवाच खेळ खेळल्या. त्यात त्या एकट्याच. पडद्यावरची वहिनी सकाळी उठायची, भाकरी करायची, दिवस मावळायच्या वेळी अंगणात येऊन उभी राहायची. वहिनी तिला तिथे उभी करायच्या आणि आम्ही दोघी नुसत्या बघत बसायचो. कुणी यायचं नाही. एकदा असंच बसलो असताना खऱ्या मोरीतून पाण्याचा आवाज आला. नळ धोधो सुटला होता. भाडेकऱ्यांपैकी कुणीतरी उघडा टाकला असणार, दुपारी पाणी नव्हतं ते आत्ता आलं असणार... असं मी मनाला सांगितलं. मी उठायला लागले, तर वहिनींनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या वन्सं. वाहू द्या जरा." बादली भरून वाहेपर्यंत आम्ही तशाच बसलो. त्या दिवशी सांगायला हवं होतं. त्या दिवशीही सांगितलं नाही.

तेराव्यानंतर वहिनींचा मोबाइल माझ्या ताब्यात आला. रेवती म्हणाली, ग्रुपवर लोक काकूंना श्रद्धांजली वाहतायत, वाचा. मी वाचलं. मग न राहवून तिला विचारलं, की त्या खेळानं जुनं आपोआप पुसलं, असं होतं का गं? रेवती सरळ पोर. म्हणाली, "नाही आत्या. तो विचारल्याशिवाय काही काढत नाही. काकूंनीही मला हेच विचारलं होतं, नवा खेळ आला त्याच आठवड्यात. मी त्यांना असंच सांगितलं होतं."

त्या आठवड्यात. म्हणजे त्या रविवारी ओसरीत मला विचारलं, तेव्हा त्यांना ठाऊक होतं. लॅपटॉपपाशी कोण बसलं होतं, हेही ठाऊक होतं. मला त्यांनी बोलायची संधी दिली होती, आणि मी कंपनीला शिव्या घातल्या.

मी फोन घेऊन त्यांच्याच ओसरीत बसले आणि ग्रुपवरचे जुने निरोप मागे-मागे सरकवत गेले, त्या रविवारपर्यंत. कुणा पुण्याच्या मुलीनं लिहिलं होतं, काकू, एवढं वाईट वाटतंय तर जुनाच खेळ उघडा ना परत. खाली वहिनींचा बोललेला निरोप होता, अर्ध्या मिनिटाचा. मी कानाला लावला. आधी नुसता वारा. मग त्यांचा आवाज, अगदी जवळ, "जुना न्हाई ऱ्हायला, बाई. माज्याच हातनं पुसला गेला. म्हातारी बाई, काय दाबलं कळलं न्हाई. कंपनीला बोल लावू नगा त्याचा, अन् दुसऱ्या कुनाला बी न्हाई..." मध्ये त्या थांबतात. लांबून, घरातून, एक बाई हाक मारते. खणखणीत, उतावळा आवाज. माझाच आहे. "वहिनी, कुठे राहिलात? चहा गार होतोय!"

"आले आले वन्सं," वहिनी म्हणतात, आणि निरोप संपतो.