वाणातली काडतुसं

आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकदा काडतुसं लुटली गेली. पोलिसांना कळवू नये. काडतुसं रिकामी होती. (डोकंही. पण ते माझं.)

आमची लेक सई इथे इंग्लंडात मेडनहेडजवळच्या क्लबात रायफलने नेम मारते. विकतच्या काडतुसांचे भाव पाहून माझ्यातला हिशोबी माणूस जागा झाला. उडवलेली पितळी नळकांडी घरी आणायची, पुन्हा भरायची (रीतसर परवान्याने, हे बायकोसाठी लिहितोय), की बचतच बचत! त्यासाठी यंत्र आलं. नाजूक तराजू आला. यंत्रासाठी भक्कम टेबल आलं आणि टेबलासाठी गाडी गॅरेजबाहेर पावसात गेली.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!" बायको म्हणाली.

"मेधा, लाँग टर्म बघ ना!"

"कसली लाँग टर्म? सप्टेंबरमध्ये सई युनिला शिकायला चालली."

हे मी हिशोबात धरलंच नव्हतं. पण दर रविवारी सई गॅरेजात माझ्याशेजारी स्टुलावर बसायची. ती वजन करायची, मी यंत्राचा दांडा ओढायचो. मधेच ड्रायव्हिंग टेस्टच्या गप्पा, मधेच कुठल्या मैत्रिणीचं कुणाशी बिनसलं ते. एरवी घरात ही मुलगी "फाइन"पलीकडे बोलत नाही!

काउंटीच्या टीमची निवड जवळ आली. तिच्या रायफलला बेतलेली नळकांडी शेल्फवर मांडून, येत्या रविवारी भरायची असं ठरवून, मी ब्रॅकनेलला ऑफिसात गेलो. परत आलो तर हळदीकुंकू आटोपलेलं आणि घरभर चिंचेचा वास. सांगलीहून आलेली आई खुशीत होती.

"आई, गॅरेजातली नळकांडी कुठेत?"

"किती कळकट ठेवली होतीस रे! चिंच-मीठ लावून लख्ख केली. आत मेण ओतलं, उदबत्ती कशी ताठ उभी राहते! मेधाला वाण कमी पडत होतं ना."

"कुणाला दिलीस?"

"सगळ्यांना! ईलिंगच्या काकूंनी तर दोन मागून नेली."

मी तसाच ईलिंगला. दार उघडताच चाचरत म्हणालो, "काकू, ते दुपारचं वाण... परत मिळेल का?"

"अहो, सवाष्णीला दिलेलं वाण परत मागतात का कुणी?"

त्यांच्यामागे देवघरात माझं काडतूस शांतपणे धूर सोडत होतं. बुडाशी मेण घट्ट बसलेलं. आता ते कुठल्याच रायफलच्या कामाचं नव्हतं. "गंमत केली हो," असं म्हणून तिळगूळ खाल्ला आणि निघालो.

शेवटी काडतुसांचा विकतचा डबा आणला. सई निवडली गेली!

"बाबा, विकतचा किती इझी आहे!" ती तिच्या विलायती मराठीत म्हणाली. "तुमची हिशोब चुकली."

चुकलीच. यंत्र, तराजू, टेबल सगळं मांडलं होतं, स्टुलावर बसणारी मुलगी तेवढी मांडायची राहिली. तिला आता गॅरेजात यायचं कारणच उरलं नाही. स्टूल रिकामं पाहिलं की फार वाईट वाटतं. "नुसती बस ना जरा" म्हणायला मला जमत नाही, आणि यंत्र विकून टाक असं मेधाही आता म्हणत नाही.

म्हणून मी नवा हिशोब मांडलाय. विकतच्यापेक्षा घरी चक्का काढून केलेलं श्रीखंड खूपच स्वस्त पडतं. त्यासाठी कालच यंत्र मागवलंय. चांगलं महागातलं, दोन माणसं लागतील असं बघून!