शेजारची सीट

माझ्या मामाचं पाठांतर दांडगं आहे. शाळेत असताना ते कुणाला दिसलं नाही, एवढंच. त्याच्या आवडत्या एका जपानी गाडीबद्दल विचारा: सहा सिलेंडर, दोन टर्बो, दोनच दरवाजे, कुठल्या गिअरमध्ये किती वेग, सगळं घडाघडा. मामीचा वाढदिवस विचारा, मग बघा कसा छताकडे पाहत बसतो.

मामा बोटीवर इंजिन-फिटर. एकोणीस वर्षं हेच, नऊ महिने पाण्यावर आणि तीन महिने घरी. बोटीवर त्याच्या पलंगाशेजारच्या पत्र्यावर त्या गाडीचं चित्र चिकटवलेलं असायचं. बोट बदलली की चित्र सोलून पुढच्या बोटीवर. कोपरे गेले, एक चाकही गेलं, तरी मामाचं प्रेम चारही चाकांवर शाबूत.

या वर्षी त्यानं बोट कायमची सोडली आणि महिन्याभरात गाडी शोधून काढली. तीन तासांवरच्या एका गॅरेजवाल्याकडे, ताडपत्रीखाली. वयानं ती माझ्या मामेबहिणीपेक्षा सात वर्षांनी मोठी. आणायला मला बरोबर नेलं.

चावी देताना गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, मागच्या सीटवर माणसं बसवू नका. तिथे फक्त पिशव्या मावतात."

"माझी माणसं पुढे बसणार आहेत," मामा म्हणाला.

"पुढे एकच सीट आहे."

"मग पाळीपाळीनं बसतील."

येताना स्वारी ताशी साठच्या वर गेली नाही. कोंबड्यांचा एक टेम्पोसुद्धा हॉर्न देऊन पुढे गेला. कोंबड्या आमच्याकडे बघत होत्या.

"मामा, ते दोन टर्बो शोभेचे आहेत का?"

"ऐकू दे रे जरा." बराच वेळ तो इंजिन ऐकत राहिला. मग आपणहून म्हणाला, "सुट्टीवर आलो की तुझी मामी आणि पोरगी टॅक्सी घेऊन न्यायला येतात. त्या मागे, मी ड्रायव्हरशेजारी. नऊ महिन्यांचं बोलायचं असतं, पण परक्या माणसासमोर काय बोलणार? आणि मान तरी मागे किती वळवणार? मग ड्रायव्हरशीच गप्पा. घरी पोचलो की त्या आपापल्या कामाला. राहून जातं ते राहूनच जातं."

"मग?"

"मग काय. आता चालवणार मी आणि शेजारी ती. एवढंच पाहिजे होतं."

मी टर्बोंची चेष्टा बंद केली. निदान दहा मिनिटं तरी.

रविवारी सकाळी पहिली फेरी ठरली, मामीच्या बहिणीच्या घरापर्यंत. मामानं काचा तीनदा पुसल्या. मामी मला म्हणाली, "तूही चल ना. बस पुढे."

मी घाईघाईनं पोट धरलं. "नको मामी, काल काहीतरी बाधलंय."

"काल तर तू आमच्याकडेच जेवलास!"

अशा वेळी माणसानं जास्त बोलू नये. मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो.

मामानं आतून हात लांबवून शेजारचा दरवाजा उघडला. मामी वाकली, सीटच्या कडेनं हात फिरवून खटका शोधला, सीट पुढे झोपवली आणि आधी पर्स, मग स्वतः, अशी मागे शिरली. तिच्यामागून आमच्या बाईसाहेब, म्हणजे माझी मामेबहीण. गुडघे हनुवटीला टेकले, पण दोघींची काही तक्रार नाही. सीट खट्टकन पुन्हा उभी राहिली. रिकामी.

"अगं मामी, पुढे बस की!" मी ओरडलो.

"असू दे रे. आम्हाला मागचीच सवय."

मामानं मान वळवली. "तू तरी ये ना पुढे," तो मुलीला म्हणाला. इतक्या हळू, की मला ते ओठांवरूनच कळलं.

बाईसाहेबांनी फोनमधून डोकं वर काढलं. "नको बाबा. आई एकटी पडेल ना मागे."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मामानं हसून उलट एखादा मारला असता. तो "बरोबर आहे" म्हणाला आणि अंग ताणून पलीकडचा दरवाजा ओढून घेतला.

इंजिन सुरू झालं. समोरच्या बाल्कनीत दोघं-तिघं धावत आले, असा तो आवाज! मामा मागे वळून काहीतरी बोलला. मामीनं कानामागे हात धरला. तो पुन्हा बोलला. तिनं हसून मान हलवली.

तेव्हा मामानं चावी फिरवली आणि ते इंजिन चक्क बंद केलं. गल्ली एकदम शांत झाली.

"अहो, काय म्हणत होतात?" मामीनं विचारलं.

मामानं थोडा विचार केला. बाल्कनीतली माणसं बघत होती, मी बघत होतो.

"काही नाही. मागच्या काचा उघडत नाहीत, एवढंच."

"बरं," मामी म्हणाली.

त्यानं पुन्हा चावी फिरवली आणि गाडी वळणापर्यंत अगदी हळूहळू गेली.