कळशीचं पाणी

संध्याकाळी सुनंदाबाईंनी देवापाशी दिवा लावला की वसंतराव खुर्ची उचलायचे. घरातलीच वेताची खुर्ची, पाठीला सुनंदाबाईंनी शिवलेली उशी बांधलेली. ती एका हातात धरून ते समोरच्या तुळसीअक्कांकडे जायचे आणि पानं वाढली की परत यायचे. नवरा दुसऱ्याच्या घरी बसतो ते एक वेळ सोडा, पण खुर्चीसुद्धा आपलीच न्यायची, हे सुनंदाबाईंना फार लागायचं.

आवडी नावाच्या तमिळ गावातल्या त्या तीनमजली इमारतीत दोघींची दारं समोरासमोर होती. वसंतरावांची सगळी नोकरी इथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात गेली. निवृत्त झाल्यावर कऱ्हाडला परत जायचं जायचं म्हणत त्यांनी क्वार्टर सोडली आणि इथेच घर घेतलं. मुलगी कीर्ती लग्न होऊन पुण्याला गेलेली. तुळसीअक्का मूळच्या तंजावरच्या. त्यांचे कित्येक पिढ्यांपूर्वीचे लोक इकडे आलेले. घरात मराठी बोलायच्या, पण त्या मराठीत अर्धी तमिळ आणि उरलेली कुठल्या काळातली ते देवच जाणे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, यजमान वारलेले, मुलगा वेंकट गुम्मिडिपूंडीला कारखान्यात. तो सकाळी जायचा तो उशिराच यायचा. दिवसभर घरात अक्का आणि त्यांची टाकी.

टाकी म्हणजे काचेची, माशांची. पण मासे त्यात नावापुरते. खरं बघायचं ते रान. मागच्या काचेला रिबिनीसारखी लांब पानं पंख्याच्या वाऱ्यात हलावीत तशी हलायची. मध्ये एक वाळकं लाकूड, त्याला दोऱ्याने बांधलेलं नेचं. पुढे गवताची लव. त्या लवेत नखाएवढ्या लाल कोळंब्या काहीतरी वेचत हिंडायच्या आणि काचेवरून गोगलगायी सावकाश चालायच्या. वर दिवा लागला की सगळ्या पानांना बारीक बुडबुडे धरायचे. सुनंदाबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे हात आपोआप जोडायला आले होते. ते त्यांनी पदराला पुसले.

दार उघडंच असायचं, त्यामुळे कानाला सगळं ऐकू यायचं. अक्का माशांना रागवायच्या. "हा मोठा बघा, अस्क आपणच खातो. पोट आहे का पोतं?" आणि मग वसंतराव हसायचे. मोठ्याने, घसा मोकळा करून. चाळीस वर्षांच्या संसारात सुनंदाबाईंना हे हसू कितीदा ऐकायला मिळालं होतं, ते आठवायला बसावं लागलं असतं.

एकदा जेवताना वसंतराव म्हणाले, "भाजी अस्क संपवली मी."

सुनंदाबाईंचा डाव भातात तसाच राहिला. "काय म्हणालात?"

"अस्क. म्हणजे सगळी. त्यांच्यात तसं म्हणतात."

"आपल्यात सगळी म्हणतात," असं म्हणून त्यांनी भात जरा जोरातच वाढला.

त्याच आठवड्यात त्या एकट्या बसने कोळत्तूरला गेल्या. तिथे माशांच्या दुकानांची रांगच रांग. येत होतं तेवढं तमिळ आणि बाकी हातवारे, एवढ्या भांडवलावर त्यांनी काचेची टाकी, तळाची माती, वरची खडी, दिवा, रोपं, चार मासे आणि चार गोगलगायी घेतल्या. कोळंब्या घेतल्या नाहीत. त्या अक्कांकडे होत्या म्हणूनच घेतल्या नाहीत. टाकी मांडली ती बरोबर बैठकीत, दाराकडे तोंड करून. व्हरांड्यातून जाणाऱ्याला दिसलीच पाहिजे.

वसंतराव दोन दिवस बसले तिच्यापुढे. सुनंदाबाई हरखून गेल्या. त्यांच्यामागे उभ्या राहून त्या विचारत राहिल्या, "छान दिसते ना? त्यांच्यापेक्षा दिवा जास्त आहे ना? चहा टाकू? गोळी घेतलीत का? लाइटचं बिल भरलंत का?" तिसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा समोर गेली.

पुढे टाकीचीही कळा गेली. रोपांनी मूळ धरलं की नाही ते बघायला सुनंदाबाई रोज एकेक रोप हळूच उपटून बघायच्या आणि परत खोचायच्या. मूळ धरायला त्या बिचाऱ्यांना उसंतच नव्हती. पाणी गढूळ दिसलं की बदलायच्या, खडी पितळी भांड्यासारखी चोळून धुवायच्या. शेवटी एक मासा उलटा तरंगला, तेव्हा नाइलाजाने त्या अक्कांच्या दारात गेल्या.

अक्का डाळ निवडत होत्या. त्यांनी फार विचारपूस केली नाही. "अय्यो, एवढं धुवायचं नसतं, मा. टाकी म्हणजे देवाची भांडी नव्हेत. थोडी घाण राहू द्या, त्यावरच ते जगतं. आणि नळाचं पाणी ताजं घालू नका. त्यात औषध असतं. रात्रभर ठेवून द्या, मग घाला."

"एवढंच?"

"एवढंच. दुसरं गुपित काही नाही."

गुपित नाही म्हणते, म्हणजे नक्की आहे, असं मनात म्हणत सुनंदाबाई घरी आल्या. पण सांगितलं ते केलं. माहेराहून आलेली तांब्याची कळशी त्यांनी चिंच लावून लख्ख घासली. घरात पिण्याचं पाणी तिच्यातच, एकादशीला देवाचं पाणीही तिच्यातलंच. शुद्ध पाणी ठेवायचं तर याहून चांगलं भांडं कुठलं? रोज संध्याकाळी भरायची, सकाळी टाकीत रिकामी करायची.

आठवड्याच्या आत गोगलगायी काचेवरून सुटून खाली पडायला लागल्या. मग उरलेले मासे एका कोपऱ्यात जमून वर वर श्वास घ्यायला लागले. समोरच्या दारातून हसण्याचा आवाज येत होता.

त्या संध्याकाळी दिवा लावताना सुनंदाबाई देवापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या. कधी कुणाचं वाईट मागितलं नव्हतं त्यांनी. त्या दिवशी मागितलं. शब्दांत नीट नाही, पण देवाला कळेल एवढं मागितलं. एकदा तिचीही टाकी सुकू दे. मग उदबत्ती लावून त्या उठल्या आणि मान वर न करता स्वयंपाकघरात गेल्या.

मे महिना होता. अक्कांना तंजावरला पुतण्याच्या लग्नाला जायचं निघालं, वेंकटही बरोबर. निघायच्या सकाळी किल्ली घेऊन त्या सुनंदाबाईंकडेच आल्या. वसंतराव पुढे झाले तशा म्हणाल्या, "तुम्हाला नको. तुम्ही कात्री लावून माझी अस्क पानं कापाल. किल्ली बाईच्या हातात बरी." मग सुनंदाबाईंना म्हणाल्या, "एक दिवसाआड चिमूटभर दाणा. आणि उन्हाने पाणी आटतं, तेवढं रात्रभर ठेवलेलं घाला. बाकी हात लावू नका, मा. त्यांचं ते बघतात."

सुनंदाबाईंनी किल्ली कमरेला खोचली. "काळजी करू नका."

आणि खरंच, त्यांनी मनापासून केलं सगळं. ज्याचा हेवा वाटतो त्याच्यापुढे चूक काढायला जागा ठेवू नये, अशी त्यांची रीत. कळशी जास्तच घासली. रोज सकाळी ती कमरेवर घेऊन समोरच्या घरी जायच्या, टाकी काठोकाठ भरायच्या. संध्याकाळी वसंतरावांनी विचारलं, "मी येऊन जरा बसू का तिथे?"

"मी बघते ना. रिकाम्या घरात कशाला बसायचं?"

खुर्ची घरातच राहिली. सुनंदाबाईंना जे हवं होतं ते झालं होतं. फक्त त्या खुर्चीत बसून वसंतराव समोरच्या बंद दाराकडे बघत राहायचे, आणि त्यांच्या पाठीकडे सुनंदाबाई.

अक्का यायला तीन दिवस राहिले असतील. सकाळी समोर जाऊन सुनंदाबाईंनी टाकीचा दिवा लावला तर काचेवर एकही गोगलगाय नव्हती. सगळ्या खडीवर पडलेल्या. गवताच्या लवेत लाल कोळंब्या आडव्या, उकडल्यासारख्या फिक्या पडलेल्या. दोनचार अजून पाय हलवत होत्या.

सुनंदाबाई टाकीपुढे खाली बसल्या. कळशी तशीच मांडीशी. त्यांना पहिल्यांदा आठवलं ते आपलं मागणं. ऐकलं देवाने. एवढी वर्षं मुलीच्या नोकरीसाठी, ह्यांच्या गुडघ्यासाठी जे जे मागितलं त्याला वेळ लागला, आणि हे मात्र लगेच ऐकलं.

काय करावं सुचेना म्हणून त्या घरी आल्या आणि देवापुढे उभ्या राहिल्या. कळशी खाली ठेवताना सवयीने त्यांनी बोट आत फिरवून पाहिलं. बुडाशी, जिथे चिंच घासून धुवायची राहिली होती तिथे, बोटाला हिरवट लागलं. बोटाकडे त्या बघत राहिल्या. अशा भांड्यात ताक ठेवलं की कळकतं. हे कुणी शिकवावं लागत नाही, कुठल्याही बाईला ठाऊक असतं. पाणी माणसाला चालतं, बरंच असतं म्हणतात. पण नखाएवढ्या जिवाला? आपल्याही गोगलगायी आधी गेल्या होत्या. अशाच, काचेवरून सुटून. दोन्ही टाक्यांत सारखं काय होतं? हीच कळशी.

देवाने काही केलं नव्हतं. त्यांनीच केलं होतं, रोज सकाळी, कमरेवर वाहून नेऊन.

फोन हातात घेतला, पण लावला नाही. न लावता चालणार होतं. अक्का आल्यावर म्हणता आलं असतं, तुम्हीच सांगितलंत, रात्रभर ठेवलेलं घाला. तेच घातलं. एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. उरलेले मासेही गेले असते. टाकी उतरली असती. खुर्ची घरी राहिली असती, कायमची. सुनंदाबाईंनी हे सगळं नीट मांडून पाहिलं, आणि त्यांना ते आवडलं. आवडलं हे कळल्यावर मात्र त्यांनी घाईघाईने नंबर दाबला.

पलीकडे लग्नातल्या नादस्वराचा गलका होता. "अक्का, तुम्ही पाणी कशात ठेवता?"

"काय?"

"टाकीचं पाणी. रात्रभर कशात ठेवता?"

"प्लास्टिकच्या पिंपात, न्हाणीघरात. का?"

"मी तांब्याच्या कळशीत ठेवत होते."

मग अक्का म्हणाल्या, "कोळंब्या?"

"गेल्या. सगळ्या नाही. बऱ्याच."

"अय्यो." मग गणिताच्या बाईंचा आवाज आला. "ऐका. तिसरा हिस्सा पाणी आत्ता काढा. पिंपातलं घाला. पिंप पुन्हा भरून ठेवा, उद्या परत तेवढंच. तुमच्या ह्यांना बोलवा, त्यांना नळी लावता येते."

त्यांना येतं. सुनंदाबाईंना माहीत नव्हतं. नळी तोंडाने ओढून पाणी कसं बादलीत सोडायचं, मेलेलं चिमट्याने कसं उचलायचं, सडलेलं पान कुठे कापायचं, सगळं वसंतरावांना येत होतं. घरी पाण्याचा पेला जागेवर मागणारा माणूस बाह्या वर करून बादल्या वाहत होता. लव कापताना त्यांची कात्री जराही थरथरली नाही.

"हे कधी शिकलात?"

"इथेच. निम्मी पानं मीच लावलीत ही."

सुनंदाबाईंनी हातातला मग बादलीत आपटला. "घरच्या टाकीला कधी हात लावला नाहीत. इथे काय असं आहे?"

नळीवरून नजर न काढता वसंतराव म्हणाले, "इथे मला कुणी काही विचारत नाही."

सुनंदाबाईंच्या तोंडाशी तीन प्रश्न आले होते. ते त्यांनी गिळले.

संध्याकाळी दिवा लावून त्या देवाला म्हणाल्या, ते मागितलेलं परत घेतलं असं समज. आणि कळशी उचलून देवाजवळ ठेवली, फक्त देवापुरती.

अक्का आल्या त्या बॅग न उघडता टाकीपुढे बसल्या. मासे वाचले होते, पानं होती, कोळंब्या मोजक्या उरलेल्या. अक्का रागावल्या नाहीत आणि बोलल्याही नाहीत. लग्नातला लाडू वेंकटच्या हाती पाठवला, स्वतः आल्या नाहीत. दार पुढे कित्येक दिवस लोटलेलं. वसंतराव जायला धजले नाहीत. आपल्याच घरात, आपल्याच टाकीपुढे खुर्ची घेऊन बसू लागले. तिच्यात आता एकच मासा उरला होता; सुनंदाबाईंनी एक जुना प्लास्टिकचा ड्रम धुऊन भरून ठेवला. रोपं उपटून बघणं सोडलं. वसंतराव बसले की त्या भाजी घेऊन बाजूला बसायच्या आणि ओठ घट्ट मिटून शेंगा सोलायच्या. हे त्यांना उपासापेक्षा जड जायचं. हळूहळू रोपांनी मूळ धरलं. एका पानाला एक बुडबुडा आला.

आणि एका संध्याकाळी दारात तुळसीअक्का उभ्या. हातात पाण्याची पिशवी, त्यात लवेचा एक पुंजका आणि चार लाल कोळंब्या.

"पिल्लं झाली," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे सोडते. पण आधी ती कळशी कुठे आहे ते सांगा."

"देवापाशी."

"देवाला चालते ना?"

"त्याला सवय आहे."

अक्का आत आल्या, आणि कुणी बसा म्हणायच्या आत वसंतरावांच्या खुर्चीत बसल्या. टाकीकडे वाकून म्हणाल्या, "हा तुमचा मासा का असा उपाशी दिसतो? घरच्यांसारखं त्यालाही पथ्याचं वाढता का?"

वसंतराव हसले. तेच हसणं, घसा मोकळा करून, सुनंदाबाईंच्या स्वतःच्या बैठकीत.

सुनंदाबाई चहा टाकायला आत गेल्या. खुर्ची परत आली होती. तिच्यात बसायला ती बाईसुद्धा आली होती. तीन कप मांडले. दोन कपांत साखर घातली. तिसऱ्यावर, अक्कांच्या कपावर, चमचा थांबला. बाहेर परत हसू ऐकू आलं. मग त्यांनी त्या कपातही साखर घातली, पण चमचा आधी काठावर टेकवून, सपाट करून.